विश्लेषण : मायक्रोवेव्हचा तापमान सेन्सर बिघडला? त्यामागचे विज्ञान शोधणारा लोहाराचा मुलगा कोण होता?

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह सुरू केला, की पडद्यावर एरर कोड येतो, भट्टी तापायच्या आतच बंद पडते किंवा पदार्थ काढून अर्धा तास झाला तरी पंखा फिरतच राहतो. अशा वेळी अनेकदा बोर्ड गेला असे सांगितले जाते आणि हजारो रुपयांचा खर्च पुढे येतो. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा एका चिमुकल्या तापमान सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये असतो. हा सेन्सर ज्या गुणधर्मावर चालतो, तो १८३३ मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी नोंदवला. फॅरेडे यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते. त्यांच्या आयुष्यातील एकेक शोध आज मायक्रोवेव्हच्या एकेका भागात सापडतो. त्यांचा जीवनप्रवास आणि त्यातून मिळणारी दुरुस्तीची पद्धत, याविषयी...

हा सेन्सर नेमका काय करतो?

साध्या, फक्त अन्न गरम करणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये बहुधा तापमान मोजणारा सेन्सर नसतोच. तिथे मॅग्नेट्रॉनजवळ एक थर्मल कटआउट असतो. ठरावीक तापमानाच्या वर गेले, की तो जोडणी तोडतो. तो एक स्विच आहे, चालू किंवा बंद एवढेच त्याला कळते. केक, नानकटाई, तंदुरी करणाऱ्या कन्व्हेक्शन मॉडेलमध्ये मात्र भट्टीचे तापमान सतत मोजावे लागते. हे काम थर्मिस्टर करतो. तापमान वाढले, की त्याचा रोध म्हणजे रेझिस्टन्स कमी होतो. बोर्ड हा रोध वाचून हीटर चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवतो. अशा थर्मिस्टरला ‘एनटीसी’ म्हणतात. तांब्याच्या तारेत उलटे घडते; ती तापली, की तिचा रोध वाढतो आणि तोही अंशामागे जेमतेम ०.४ टक्के. एनटीसीचा रोध खोलीच्या तापमानाला अंशामागे सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो. म्हणूनच एवढासा मणी भट्टीचा पहारेकरी होऊ शकतो.

कोण होते मायकेल फॅरेडे?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहार होते आणि सतत आजारी असत. चार भावंडांत मायकेल तिसरे. वाचणे, लिहिणे आणि थोडे हिशेब, एवढेच शिक्षण त्यांच्या वाट्याला आले. वयाच्या तेराव्या वर्षी ते जॉर्ज रिबो या पुस्तक विक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागले आणि १८०५ पासून सात वर्षे त्यांनी तिथेच बुकबाइंडिंगची उमेदवारी केली.

बांधायला आलेली पुस्तके ते वाचत. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूपी पुस्तक यांनी त्यांना वेड लावले. वाचलेले खरे आहे का, हे तपासण्यासाठी ते तुटपुंज्या पैशांत साहित्य आणून लहान प्रयोग करत. जॉन टेटम यांच्या विज्ञान व्याख्यानांना एक शिलिंग प्रवेश शुल्क होते. हे पैसे लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. वाचलेल्यावर विश्वास न ठेवता स्वतः करून पाहण्याची सवय या काळात लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

प्रयोगशाळेचे दार कसे उघडले?

१८१२ मध्ये दुकानाच्या एका ग्राहकाने फॅरेडे यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळातील अत्यंत नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरेडे यांनी व्याख्यानांची टिपणे काढली, आकृत्यांसह स्वच्छ लिहिली, स्वतःच्या हाताने बांधली आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्हींना पाठवली. सुमारे तीनशे पानांची ती वही हाच त्यांचा बायोडेटा होता. १ मार्च १८१३ रोजी ते प्रयोगशाळेतील मदतनीस झाले. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या.

त्याच वर्षी डेव्ही दाम्पत्यासोबत ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. दीड वर्षाच्या त्या प्रवासात अँपियर, व्होल्टा यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांना जवळून पाहता आले. मात्र लेडी डेव्ही यांनी त्यांना नोकरासारखेच वागवले. पुढे शिष्याची कीर्ती वाढू लागली, तेव्हा खुद्द डेव्हींनीच त्यांच्या रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाला विरोध केला. तरीही १८२४ मध्ये ते सदस्य झाले. डेव्हींबद्दल मात्र त्यांनी नेहमी आदरच राखला.

फिरणारी तार आणि सुती कापडात गुंडाळलेले कडे

सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरेडे यांनी पाऱ्यात बुडवलेल्या तारेतून वीज सोडली आणि ती तार चुंबकाभोवती फिरू लागली. विजेपासून सलग फिरती गती मिळाली ती प्रथमच. मायक्रोवेव्हमधील काचेची ताटली फिरवणारी मोटर आणि पंख्याची मोटर या प्रयोगाच्या वंशातील. या शोधाचे श्रेय आपल्याकडे घेतल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. विल्यम वॉलस्टन यांनी तारेच्या फिरण्याची कल्पना आधी मांडली होती, पण त्यांचा प्रयोग यशस्वी झाला नव्हता. नाव न घेता निबंध छापल्याचा मनस्ताप फॅरेडे यांना बराच काळ झाला.

२९ ऑगस्ट १८३१ चा प्रयोग याहून मोठा ठरला. सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर त्यांनी दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. तेव्हा आजच्यासारखी इनॅमल चढवलेली तार बाजारात मिळत नव्हती. त्यामुळे वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कॅलिको हे साधे सुती कापड घातले होते. कॅलिको हे नाव केरळातील कालिकत बंदरावरून पडले. सूत आणि कापडावर वाढलेल्या सोलापूरकरांना हा तपशील नक्कीच आवडावा. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेल्या उपकरणाची सुई क्षणभर हलली. वीज सलग वाहत असताना मात्र ती स्थिर राहिली. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते, हे यातून कळले.

ते कडे म्हणजे जगातील पहिला ट्रान्सफॉर्मर. मायक्रोवेव्हमधील जड ट्रान्सफॉर्मर घरातील २३० व्होल्टचे सुमारे दोन हजार व्होल्ट करतो, ते याच तत्त्वाने. दोन महिन्यांनी फॅरेडे यांनी चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग वीज मिळवली. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉट औष्णिक केंद्रातील जनित्रेही शेवटी हेच करतात.

१८३३ मध्ये नेमके काय आढळले?

या वर्षी फॅरेडे वेगळ्याच प्रश्नामागे होते. पाण्यातून वीज वाहते, पण त्याचाच बर्फ झाला, की ती अडते, असे त्यांना आढळले होते. मग घन असताना वीज अडवणारे आणि वितळल्यावर वाहू देणारे इतर पदार्थ कोणते, याची ते यादी करत होते. एकेक पदार्थ बॅटरीला जोडायचा, खाली दिवा धरायचा आणि सुई पाहायची, असे काम चालू होते.

या रांगेत चांदीचे सल्फाइड आले. चांदीची भांडी काळवंडतात तो काळा थर म्हणजे हेच संयुग. थंड असताना त्यातून जेमतेम वीज वाहत होती. दिव्याची आच लागताच सुई झपाट्याने सरकू लागली. पदार्थ वितळला नव्हता, घनच होता. दिवा काढला, तो निवू लागला आणि सुई पुन्हा मागे आली. धातूंमध्ये नेमके उलटे घडते, हे डेव्ही यांनी १८२१ मध्ये दाखवले होते. त्यामुळे हा अपवाद फॅरेडे यांच्या लगेच लक्षात आला. त्यांनी तो आपल्या संशोधन मालिकेत नोंदवला आणि ते पुढच्या पदार्थाकडे वळले.

आजच्या भाषेत त्यांनी अर्धवाहकाचा म्हणजे सेमीकंडक्टरचा गुणधर्म पाहिला होता. उष्णतेमुळे अशा पदार्थात वीज वाहून नेणाऱ्या कणांची संख्या वाढते, म्हणून रोध उतरतो. हे स्पष्टीकरण देण्यासाठी लागणारे अणूंचे शास्त्र तेव्हा जन्मलेच नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधही १८९७ मधला.

मग थर्मिस्टर यायला शंभर वर्षे का लागली?

गुणधर्म माहीत असणे आणि त्याची भरवशाची वस्तू बनवणे यात मोठे अंतर असते. प्रत्येक तुकडा सारखाच वागला पाहिजे, वर्षानुवर्षे तसाच राहिला पाहिजे आणि त्याला तारा पक्क्या जोडता आल्या पाहिजेत. शिवाय एवढ्या बारीक मापनाची गरज असलेले उद्योगही उभे राहायचे होते. अमेरिकेतील सॅम्युअल रूबेन यांनी १९३० च्या सुमारास थर्मिस्टर व्यापारी वापरासाठी विकसित केला. पुढे मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडच्या भाजलेल्या गोळीने ही जागा घेतली.

मायक्रोवेव्हचीही अशीच गोष्ट. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर यांना रडारच्या मॅग्नेट्रॉनने अन्न तापवता येते, हे लक्षात आले. १९४७ चे पहिले यंत्र कपाटाएवढे उंच आणि तीनशे किलोहून जड होते. ओट्यावर मावेल असा लोकप्रिय घरगुती नमुना १९६७ मध्ये आला.

लहरी ओव्हनच्या बाहेर का येत नाहीत?

याचेही उत्तर फॅरेडे यांच्याकडेच आहे. १८३६ मध्ये त्यांनी बारा फूट लांब, रुंद आणि उंच अशी खोली उभारून तिला धातूचे आवरण दिले. बाहेरून यंत्राने विद्युतभार देऊन ठिणग्या उडवल्या जात असताना ते स्वतः उपकरणे घेऊन आत जाऊन बसले. आत विजेचा मागमूसही लागला नाही. हाच ‘फॅरेडे पिंजरा’. मायक्रोवेव्हची धातूची पेटी आणि दाराच्या काचेमागची जाळी मिळून असा पिंजरा बनतो. आतील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. जाळीची भोके त्यापुढे फारच लहान असल्याने लहरी आतच राहतात आणि प्रकाश मात्र बाहेर येतो. म्हणून वाकलेले दार किंवा फाटलेली जाळी असलेला ओव्हन वापरू नये.

१८४६ मधील एका व्याख्यानात तर प्रकाश हे विद्युत आणि चुंबकीय बलरेषांचे कंपन असावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. गणित येत नसल्याने ती समीकरणात मांडणे त्यांना शक्य नव्हते. ते काम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये पूर्ण केले. हर्ट्झ यांनी या लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या आणि १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अगदी आखूड मायक्रोवेव्ह लहरींचे प्रात्यक्षिक दाखवले.

सेन्सरचा दोष कसा शोधतात?

फॅरेडे यांचाच प्रयोग इथे करायचा असतो. दिव्याऐवजी हेअर ड्रायर आणि सुईऐवजी मल्टिमीटर, एवढाच फरक. मात्र मायक्रोवेव्हचे झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहू शकतो. सुमारे एक मायक्रोफॅरड क्षमतेचा हा भाग, आणि ‘फॅरड’ हे एककही फॅरेडे यांच्याच नावाचे. तो सुरक्षितपणे रिकामा करणे हे प्रशिक्षित मेकॅनिकचे काम. ग्राहकाला पायऱ्या माहीत असाव्यात, त्या फसवणूक टाळण्यासाठी.

पहिली पायरी, सेन्सरचा कनेक्टर बोर्डपासून सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवून वाचन घेणे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक मॉडेलचा अपेक्षित रोध दिलेला असतो. तो मॉडेलनुसार बदलतो. दुसरी पायरी, सेन्सरला हळूहळू ऊब देणे. चांगल्या सेन्सरचा आकडा न अडखळता खाली येतो आणि निवताना वर जातो. आकडा मधेच उडी मारत असेल, तर आत तडा किंवा लूज कनेक्शन आहे. मीटरने ‘ओएल’ दाखवले, तर सेन्सर किंवा वायर तुटली आहे. आकडा शून्याजवळ चिकटून असेल, तर शॉर्ट आहे. आकडा अजिबात हलत नसेल, तरी तो निकामीच. तिसरी पायरी, सेन्सर चांगला निघाल्यास कनेक्टरवरचा तेलकट थर, गंज, झुरळांची घाण आणि पत्र्याच्या कडेला दबलेली वायर तपासणे. एवढे सगळे ठीक असेल, तरच बोर्डवर संशय घ्यावा. थर्मल कटआउटची तपासणी वेगळी. खोलीच्या तापमानाला त्याची जोडणी साधारणपणे पूर्ण असते, त्यामुळे तिथे शून्याजवळचा आकडा म्हणजे तो ठीक. थर्मिस्टर आणि कटआउट यांची गल्लत झाली, तर चांगला भाग फेकला जातो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आकडा का फसवतो?

मॅन्युअलमधील रोध बहुतेकदा २५ अंश सेल्सिअसचा असतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. नेहमीच्या प्रकारचा, २५ अंशांना १०० किलोओहम असलेला एनटीसी ४२ अंशांना सुमारे ५० किलोओहमच दाखवतो. दुपारी पत्र्याच्या छताखालील दुकानात हा आकडा पाहून सेन्सर गेला, असे म्हणणे सहज शक्य आहे. पण सेन्सर अगदी बरोबर सांगत असतो. चुकीची असते ती तुलना. म्हणून वाचनासोबत खोलीचे तापमानही लिहावे आणि मॅन्युअलमधील तक्त्याशी ताडून पाहावे. नुकताच वापरलेला ओव्हन पूर्ण निवू द्यावा. सेन्सरचा मणी चिमटीत धरूनही मोजू नये, बोटांच्या उबेनेही आकडा उतरतो.

‘डायरेक्ट’ करून घेणे धोक्याचे का?

सेन्सर लगेच मिळत नसेल, तर त्याच्या जागी ठरावीक रोधाचा रेझिस्टर लावून किंवा कटआउटची दोन टोके जोडून ओव्हन ‘डायरेक्ट’ करून देण्याचा मार्ग सुचवला जातो. ओव्हन चालूही होतो. पण बोर्डला मग भट्टीचे तापमान कायम सारखेच वाटते आणि हीटर थांबवायचे कारणच उरत नाही. एनटीसीची तार तुटली, तर रोध प्रचंड वाढतो, म्हणजे बोर्डला भट्टी अतिथंड वाटू शकते. म्हणूनच असे अशक्य वाचन आल्यावर नीट बनवलेला बोर्ड एरर दाखवून काम थांबवतो. तो कोड त्रास वाटला, तरी ती आग टाळण्याची शेवटची सोय आहे. तिला बगल देणे म्हणजे स्वयंपाकघरात पहारेकऱ्याविना भट्टी पेटती ठेवणे.

फॅरेडे यांच्याकडून दुरुस्ती करणाऱ्यांनी काय घ्यावे?

नोंद ठेवण्याची सवय. फॅरेडे यांनी प्रयोगवहीतील परिच्छेदांना क्रमांक दिले आणि ते सोळा हजारांच्या पुढे गेले. यशस्वी आणि फसलेले, दोन्ही प्रयोग त्यात आहेत. १८३९ च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. तेव्हा याच वह्यांनी त्यांचे काम तारले. १८४४ मध्ये हॅसवेल कोळसा खाणीत ९५ जणांचा बळी घेणारा स्फोट झाला. चौकशीला गेलेल्या फॅरेडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी वायूबरोबरच हवेत उडणाऱ्या कोळशाच्या धुळीकडेही बोट दाखवले. १८५३ मध्ये लंडनमध्ये आत्मे टेबल फिरवतात, अशी चर्चा रंगली, तेव्हा त्यांनी बसलेल्यांच्या हातांखाली एक साधा दर्शक बसवला. टेबल हलण्याआधी हातच ढकलतात, हे त्या दर्शकाने दाखवून दिले.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले. मुलांसाठीची नाताळ व्याख्याने आणि दीपगृहांच्या दिव्यांची कामे मात्र ते वर्षानुवर्षे मनापासून करत राहिले. १८५८ पासून राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात पत्नी सारा यांच्यासोबत ते राहिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. हायगेट दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे. चांदीच्या सल्फाइडच्या त्या छोट्या नोंदीतून पुढे काय घडणार, हे कळायला ते हयात नव्हते. नोंद मात्र नीट लिहिलेली होती, म्हणून ती शंभर वर्षांनी कामी आली.